कलेक्टर गेला, दूध उरलं

एक

अक्षदाचा फोन आला तेव्हा मी गुडघ्यांना तेल चोळत बसले होते.

"आत्या, कलेक्टर चोरीला गेला."

"मग पुण्याला कळव की बाई. मी काय करू?"

"तो कलेक्टर नव्हे हो! बैल. डिंगोऱ्याच्या चिमाजीतात्यांचा शर्यतीचा बैल. काल पहाटे आमच्या मागच्या अंगणातून गेला. आणि आता इथं पोरं जमलीत. तुम्ही या ना, प्लीज."

खरं सांगते, मला जायचं नव्हतं. मी नूतन, रिटायर्ड हवालदार. सगळी नोकरी आंबेगाव आणि जुन्नर तालुक्यांत गेली. रिटायर झाले तेव्हा साहेब म्हणाले, आता आराम करा बाई. आराम कसला डोंबलाचा! आमच्या कळंबात कुणाची विहिरीवरची मोटर गेली, कुणाची सून रुसून गेली, की पहिला फोन मला. जीव नुसता विटून गेलाय. पण अक्षदाचे वडील गेणभाऊ माझ्या माहेरचे. दर भाऊबीजेला साडी घेऊन येणारा माणूस. त्यांच्या पोरीला नाही म्हणवेना. पिशवी उचलली आणि नाशिकची एसटी धरली.

आळेफाट्यावरून बेल्ह्याकडं वळलं की डाव्या हाताला भाऊंचं हॉटेल लागतं. खाली जेवणाचं, वर सात-आठ खोल्या, मागं चिंचेखाली मोठं अंगण. बेल्ह्याला सोमवारी बैलबाजार. लांबची माणसं रविवारी संध्याकाळी इथं मुक्कामाला यायची आणि भाऊ नेहमीच्या पाहुण्यांना काही कमी पडू द्यायचे नाहीत. सकाळचा चहा फुकट, आंघोळीचं गरम पाणी फुकट, जनावराला कडबा फुकट. रात्रभर राखणीला बहिरू नावाचा गडी, तोही फुकट. शर्यतीचा बैल असला तर त्याला सकाळचं दूधसुद्धा हॉटेलचंच. भाऊ म्हणायचे, माणूस खोलीसाठी येत नाही, मान मिळतो म्हणून येतो.

मग भाऊंना लकवा मारला. अक्षदा पुण्याच्या मोठ्या हॉटेलातली नोकरी सोडून आली आणि दिवाळीनंतर तिनं दारात बोर्ड लावला. नेहमीच्या पाहुण्यांसाठी असलेल्या सर्व मोफत सेवा बंद करण्यात आल्या आहेत, कृपया सहकार्य करावे.

मी पोचले तेव्हा त्याच बोर्डाखाली दहा-बारा पोरं उभी होती. पुढं चिमाजीचा मुलगा भरत, उजवा हात झोळीत, डोळे लालभडक. चिमाजी मात्र लांब, पायरीवर खाली मान घालून बसलेला.

"भरत, तक्रार दिली का?" मी विचारलं.

भरतच्या आधी चिमाजीच बोलला. "पोलिसात जाऊन कुणाचा बैल मिळालाय व्हय, बाई? निस्ते हेलपाटे. जाऊ द्या. गेला त्यो गेला."

"जाऊ कसा द्या?" भरत बापावर ओरडला. मग माझ्याकडं वळला. "पोलिसांची गरजच न्हाई. बैल कुणी नेला ते आमाला ठावं हाय. येत्या सोमवारी त्यो बेल्ह्याच्या बाजारात आला, तर परत जायचा न्हाई."

"कोण?"

त्यानं नाव घेतलं आणि मी हातातली पिशवी खाली ठेवली. "वली."

दोन

वली जुन्नरचा. बैलांचे साज विकतो. घुंगरमाळा, गोंडे, झुली, कासरे, दावी. त्याची बायको बिबिजान घरी गोंडे वळते आणि हा दर सोमवारी बेल्ह्यात घोंगडी अंथरून बसतो. मी नोकरीत असल्यापासून बघतेय, त्याच्याविरुद्ध कधी साधा अर्ज आला नाही.

पोरांना कशीबशी पांगवली आणि अक्षदाला आत घेतलं. बिचारीच्या डोळ्यांखाली काळी वर्तुळं आली होती. शेजारच्या खोलीत भाऊ पडलेले, तोंडातून शब्द फुटत नाही.

"वलीवरच का संशय?" मी विचारलं.

"रविवारी मुक्कामाला दोघंच होते ना. वलीचाचा आणि चिमाजीतात्या. बोर्ड लावल्यापासून बाकी कुणी फिरकत नाही. वर्षानुवर्षं येणारी माणसं हो, पण चहाचे पैसे लावले म्हटल्यावर रस्ता बदलला त्यांनी. वलीचाचा येतात ते बाबांसाठी. तासभर नुसते हात धरून बसतात."

"आणि चिमाजी?"

"त्यांचंच नवल. बोर्डावरून सगळ्यात मोठा तमाशा त्यांनी केला होता. पुन्हा या पायरीवर थुंकायलाही येणार नाही म्हणाले. आणि रविवारी बैल घेऊन हजर! म्हणाले, कलेक्टरला जोडीदार बघायचाय बाजारात, शेजारी उभा करून बघतो. मला वाटलं, राग गेला."

"राखणीला कोण होतं?"

तिनं आधी भाऊंच्या खोलीचं दार लोटून घेतलं. मग म्हणाली, "कुणी नाही. बहिरूची रात्रपाळी मीच बंद केली. तो दिवसा झाडलोट करतो. आत्या, मी कुठून पुरं पडू? नवा रस्ता तिकडून गेला, गाड्या तिकडून जातात. बाबांनी सगळ्यांना वाटून खाल्लं आणि आता वाटायला काही राहिलं नाही. हे कुणाला सांगायचं? मला सगळे कंजूष म्हणतात."

ती रडेल असं वाटलं, पण रडायचंही तिला बळ नव्हतं. मला तिची दया आली. चहा मागवला. तिनं स्वतः आणला आणि म्हणाली, "दूध जरा जास्तच पडलंय. संपवायचंय. रविवारी तात्यांसाठी म्हणून जादा दूध घेऊन ठेवलं होतं, त्यातलं अर्धं नासलं."

"चिमाजीसाठी?"

"बैलासाठी हो. दर वेळी रात्री झोपायच्या आधी दहादा बजावायचे, सकाळी कलेक्टरचं दूध चुकवू नका, अंडी चुकवू नका. या वेळी मी त्याचे पैसे लावणार होते, म्हणून मुद्दाम घेऊन ठेवलं. त्यांनी मागितलंच नाही. म्हटलं चला, बोर्ड वाचून सुधारले."

मी चहा प्यायले. चांगला झाला होता.

मागच्या अंगणात बहिरू शेण भरत होता. पन्नाशीचा, तोंड कायम एरंडेल प्यायल्यागत. माझ्या मनात आलं होतं की रात्रपाळी गेली म्हणून यानंच काही खोडी केली असेल. तसं विचारलंही.

"मी? बाई, मी रातच्याला घरी. बायकूला इचारा, सासूला इचारा. आणि त्यो बैल म्हंजी साधा न्हाई, लई मारका. वळखीचं माणूस नसंल तर शिंगावर घेतो. म्या त्याला राखत व्हतो तवा बी लांबूनच."

"मग वलीच्या हातात कसा आला?"

"वलीभाईला त्यो चाटतो. ल्हान व्हता तवापासनं त्येच्या गळ्यात माळा वलीभाईच बांधतो. रविवारी बी सांजच्याला नवं दावं घातलं की त्येनी. हितं, चिंचंखाली. लाल-हिरवं, गोंड्याचं. चिमाजीतात्या बगतच व्हता."

"बैल बांधला कुठं होता?"

त्यानं टोकाच्या खुंट्याकडं बोट केलं. मागच्या फाटकाला अगदी खेटून. "म्या तात्याला म्हनलो, आत बांधा, भिताडाला. तर मलाच डाफारलं."

"खायला काय आणलं होतं?"

"येकच पोतं कुट्टी. सांजच्यालाच टाकलं समदं. पोतं मीच झाडलं." त्यानं फावडं टेकवलं. "बाई, पर येक सांगू का? वलीभाई पहाटं माझ्या आधी गेलेला व्हता. टेम्पो मोकळा व्हता का भरल्याला, ते मात्र म्या बगितलं न्हाई."

तेवढंच त्या पोरांना पुरलं होतं.

तीन

जुन्नरला वलीच्या दारात गेले तेव्हा टेम्पोची पुढची काच फुटलेली होती. कुणी केलं, विचारलं नाही. त्यानंही सांगितलं नाही. बिबिजाननं पाणी दिलं आणि आत जाऊन बसली. एरवी ती माझ्याशी तासभर बोलते.

"पहाटे किती लवकर निघालास?" मी विचारलं.

"नेहमीसारखा. जागा धरावी लागती ना बाई, चांगल्या जागंला बसलं तर धंदा हाय. बाजारात जो बैल घेतो तो पहिला माझ्याकडं येतो. घेनाऱ्याला नवं दावं लागतंच. माझा निम्मा धंदा त्याच्यावर."

"निघताना कलेक्टर जाग्यावर होता?"

"व्हता. उभा व्हता. मी त्याच्या कपाळावर हात फिरवला आनि गेलो. हेच मी भरतला सांगितलं, तर म्हनतो, म्हंजी तू जवळ गेला व्हतास." तो हसला, पण ते हसणं बघवेना. "हात फिरवला, हाच गुन्हा झाला."

"नवं दावं कशाला घातलंस?"

"बिबिजाननं वळलं. भरतचा खांदा मोडला ना, शर्यतीत गाडा अंगावर गेला. ती म्हनली, पोरगं वाचलं, तर त्याच्या बैलाला माझ्याकडून एक दावं. चिमाजीकडून पैसे नाय घेतले."

"असलं दुसरं दावं विकलंय का कुणाला?"

"कुटं! उरलेल्या लोकरीचं वळलं. लाल कमी पडलं म्हनून एका गोंड्यात पिवळं घातलंय. तसलं दुसरं नाय."

मी उठले. दाराशी त्यानं मला थांबवलं. आवाज अगदी खाली आणून बोलला, आत ऐकू जाऊ नये म्हणून.

"बाई, पोरांनी मोबाईलवर टाकलंय. माझा फोटो, टेम्पोचा नंबर. लिवलंय, यानं बैल कापायला नेला. मी सोमवारी बाजारात गेलो तर मारतील. आनि नाय गेलो तर म्हनतील, बघा, चोर व्हता म्हनून आला नाय. मग मी बेल्ह्यात पुन्हा कधीच बसू शकनार नाय. दुसरा धंदा मला येत नाय या वयात. तुमी सांगा, मी काय करू?"

"सोमवारच्या आत बघते," मी म्हटलं.

"तुमाला बी वाटतंय का, मी नेला?"

मी नाही म्हटलं. पण त्याला पटलं नाही, हे मला दिसलं. एसटीत बसल्यावर स्वतःलाच शिव्या घातल्या. नाही म्हणायला मी क्षणभर उशीर केला होता.

चार

गुरुवारी डिंगोऱ्याला गेले. चिमाजीचं घर मळ्यात, पुढं गोठा. चिमाजीनं खाट टाकली, पण माझ्या नजरेला नजर देईना. भरत मित्रांबरोबर बाहेर गेला होता. चिमाजीची बायको वारून वर्षं झाली, घरात हे दोघंच.

"बाई, कशाला एवढा तरास घेताय?" तो म्हणाला. "गेला बैल. माझं नशीब."

"तुझं नशीब म्हणून सोडलं असतं, पण वलीचं काय? पोरं त्याला सोमवारी मारणार आहेत."

"पोरं बोलत्यात निस्ती. मारतंय कोण?"

"टेम्पोची काच फुटली त्याच्या."

यावर तो तंबाखू मळत बसला. मी विषय बदलला. बैलवाल्याला बैलाचं विचारलं की तो खुलतो, हा नोकरीतला जुना अनुभव.

"कलेक्टरला खुराक काय असायचा रे?"

आणि खुललाच. "अवो, राजावाणी! सकाळी उटल्या उटल्या दूध. त्यात अंडी, उडदाचं पीठ. त्ये पोटात गेल्याबिगर पानी सुदिक न्हाई. येक दिस चुकलं की बैल उतरला म्हनून समजा. पावण्याकडं गेलो तरी पीठ आमच्यासंगं. भरत तर सोता उपाशी ऱ्हाईल, पर त्येचं न्हाई चुकवायचा. रातीला झोपायचा बी त्येच्यापाशी, हितं गोठ्यात."

"अपघातानंतरही?"

"हाड मोडल्यालं असताना! दवाखान्यातनं आला आन् पयला गोठ्यात. चाकणला कंपनीत परमनंट व्हनार व्हता, ती नोकरी बी सोडली ह्याच्यापायी." त्यानं मळलेली तंबाखू झटकून टाकली. "डाक्टर म्हनला, बोटभर इकडं असतं तर मान गेली असती. आन् पोरगं काय म्हनतं? दादा, खांदा बसला की पुन्ना घाटात उतरतो."

शर्यतीच्या धावपट्टीला आमच्याकडं घाट म्हणतात. तिथं काय होतं ते मी बंदोबस्तात पुष्कळदा बघितलंय. पोरं धावत्या गाड्यापुढं जातात आणि बाप कठड्यावर हात जोडून उभे असतात.

तो चहा ठेवायला आत गेला. मी पाय मोकळे करायला गोठ्यात गेले. दोन गाई, एक कालवड, आणि मधली जागा रिकामी. रिकाम्या जागेवर कुणीतरी हळद-कुंकू वाहिलं होतं. भरतनं वाहिलं असणार. मी मागं फिरणार, तोच वर कोनाड्याकडं लक्ष गेलं. जुनी दावी, वेसणी, फाटकी झूल, असा सगळा पसारा. त्यात खाली दाबून ठेवलेलं काहीतरी लाल.

ओढून बाहेर काढलं. लाल-हिरवं दावं. कोरं करकरीत. तीन गोंडे लाल आणि एका गोंड्यात पिवळी लोकर.

मागं कपबशी फुटली.

पाच

चिमाजी दारात उभा होता. चहा त्याच्या पायावर सांडला होता, त्याचंही भान नव्हतं.

"बस," मी म्हटलं. "उभ्यानं ऐकू नकोस."

तो फुटक्या कपाशेजारीच बसला.

"हे दावं वलीनं रविवारी संध्याकाळी कलेक्टरच्या गळ्यात घातलं. सोमवारी पहाटे वली निघाला तेव्हा बैल जाग्यावर होता, असं तो म्हणतो. मग तू बोंब ठोकलीस की बैल चोरीला गेला. आता मला सांग, चोर एवढा मारका बैल नेताना गळ्यातलं दावं सोडून तुला कशाला देईल? तो दावं एकतर कापेल, नाहीतर बैल तसाच ओढून नेईल. दावं मागं कधी राहतं, चिमाजी? जनावर विकलं तरच. आपल्याकडं जनावर देतात, दावं देत नाहीत. घेणारा आपलं दावं घेऊन येतो. तू सवयीनं सोडलंस आणि सवयीनं खिशात घातलंस. नुसतं तसंच जाऊ दिलं असतंस तर माझ्या बापालाही कळलं नसतं."

"हातानं आपसूक काढलं," तो पुटपुटला. "आमच्या बानं, आज्यानं, कुनीच कदी दावं दिलं न्हाई. लक्ष्मी जाती म्हंत्यात."

"दावं नसतं दिसलं तरी मला वास आलाच होता. बोर्ड लागल्यावर थुंकायलाही येणार नाही म्हणालास आणि आलास. कारण घरी भरत बैलाजवळ झोपतो, आणि हॉटेलात आता राखणीला कुणी नाही, हे तुला त्या बोर्डानंच सांगितलं. भिंतीजवळ बांध म्हटलं तर फाटकाजवळ बांधलास. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे दूध. भाऊंच्या वेळी हॉटेलचा खुराक होता, तेव्हा तू काय आणलंस आणि काय नाही, कुणाला कळलं नसतं. आता फुकट काही नाही. तुला स्वतः आणायचं होतं, नाहीतर मागायचं होतं. तू संध्याकाळची कुट्टी आणलीस. सकाळचं पीठ आणलं नाहीस, दूध मागितलं नाहीस. त्या पोरीनं तुझ्यासाठी घेतलेलं दूध नासलं. कलेक्टर सकाळी तिथं नसणार, हे फक्त तुला माहीत होतं."

तो लहान पोरासारखा रडायला लागला. आवाज न करता, तोंड उघडं ठेवून.

"बैल ऱ्हायला असता तर पोरगं ऱ्हायलं नसतं, बाई. म्या इकतो म्हनलो तर म्हनला, कलेक्टर गेला तर मी हिरीत उडी टाकीन. मग म्या काय करायचं? चोरी झाली म्हंजी कुनाचा विलाज न्हाई. दोन दिस रडंल, मग चाकणला जाईल. सांगलीकडचा मानूस व्हता, सांभाळनारा हाय, इचारून घेतलं म्या. वलीचं नाव कुनी घेईल, ह्ये माज्या ध्यानात बी नव्हतं. आईच्यान्!"

"घेतलं तेव्हा तरी तोंड उघडायचंस."

"उगाडलं असतं तर पोरगं गेलं असतं हातचं."

"आणि वली गेला असता तर?"

तो फुटक्या कपाचे तुकडे गोळा करायला लागला. मला त्याचा राग आला होता आणि कीवही येत होती, आणि दोन्हींचा मला कंटाळा आला होता. बापाची माया असते हो, पण तिचं बिल दुसऱ्याच्या नावावर फाडायचं म्हणजे काय!

"बाई, तुमी कुनाला सांगू नगा," त्यानं हात जोडले. "म्या वलीच्या पाया पडतो. काच भरून देतो. पर भरतला कळलं तर त्यो माझं तोंड बघायचा न्हाई."

"मी सांगणार नाही," मी म्हटलं. "तू सांगणार. सोमवारी, बेल्ह्यात, सगळ्यांदेखत. त्या पोरांनी वलीचं नाव जिथं घेतलं तिथंच."

"आन् म्या आलो न्हाई तर?"

"तर मी माझे हे दुखरे गुडघे घेऊन पोलीस ठाण्यात जाईन. मग भरतला ते दुसऱ्याच्या तोंडून कळेल."

त्यानं हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. मी बाहेर पडले, तेव्हाही तो तिथंच बसला होता.

सहा

अक्षदाला मी सगळं सांगितलं, कारण तिच्या हॉटेलच्या नावाचा प्रश्न होता. तिनं दारातल्या बोर्डाकडं बघितलं.

"म्हणजे बोर्ड लावला नसता, तर हे झालंच नसतं."

"झालं नसतं. बहिरू राखणीला असता. पण बोर्ड नसता तर सापडलंही नसतं."

"आत्या, मी फक्त हॉटेल बंद पडू नये म्हणून धडपडत होते हो," ती म्हणाली. "भांडण नको म्हणून दहा वेळा कृपया लिहिलं."

तिला काय सांगणार? रविवारी रात्री बहिरूला पुन्हा बसव, एवढंच म्हटलं. ती म्हणाली, बसवते, पण त्याचे पैसे लावीन. लाव म्हटलं.

सोमवारी उजाडताच बेल्ह्याला गेले. वली आला होता. घोंगडी अंथरली होती, माळा मांडल्या होत्या. शेजारचे नेहमीचे दुकानदार आज हात-दोन हात लांब बसले होते. मी घोंगडीच्या कडेला बसले. गुडघे बोंबलत होते. आजूबाजूला बैलांचा, माणसांचा, टेम्पोच्या हॉर्नचा कालवा चाललेला, आणि आमच्याभोवती तेवढी मोकळी जागा.

"येईल का तो?" वलीनं विचारलं.

"येईल," मी म्हटलं. मला खात्री नव्हती.

आधी भरत आला. बरोबर पोरं, हॉटेलपाशी होती त्याच्या दुप्पट. कुणाच्या हातात चाबूक, कुणाच्या हातात काठी. बाजारात ते असतंच म्हणा, पण सगळे एका दिशेनं चालत येतात तेव्हा कळतं.

"ऊठ," भरत म्हणाला. इतकी वर्षं तो वलीला चाचा म्हणत आला होता. "कापला का इकला, तेवढंच सांग आन् ऊठ."

वली उभा राहिला. एका पोरानं घुंगरमाळांवर लाथ मारली. मी मधे गेले, तर कुणीतरी मला बाजूला सारलं. हळूच सारलं, आजीला सारतात तसं. तेव्हा मला पहिल्यांदा खरी भीती वाटली.

"म्या इकला."

चिमाजी गर्दीच्या मागं होता. कधी आला, कुणी पाहिलं नाही. लोक बाजूला झाले आणि तो पुढं आला. टोपी हातात घेतलेली.

"कलेक्टर म्या इकला, भरत. चोरी झाली न्हाई. वलीनं काय केलं न्हाई. म्या रातच्याला गिऱ्हाईक ठरवून ठिवलं व्हतं आन् वली गेल्यावर पहाटं बैल त्येच्या हाती दिला." एवढं बोलून त्याला धाप लागली. "तू मरशील म्हनून इकला."

भरत बापाकडं बघत राहिला. मग त्यानं विचारलं, "कुटं हाय?"

"सांगनार न्हाई."

"दादा, कुटं हाय त्यो?"

"मार मला. पर सांगनार न्हाई."

भरतचा चांगला हात वर गेला. पण त्यानं तो हात स्वतःच्याच तोंडावर दाबला आणि बैलांच्या रांगांमधून वाट काढत निघून गेला. चिमाजी त्याच्या मागं गेला, मधे चांगलं अंतर ठेवून. पुढं त्या दोघांचं काय झालं, ते मला अजून नीट माहीत नाही. भरत चाकणला गेला म्हणतात, पण घरी फोन करत नाही.

राहिलेली पोरं एकमेकांच्या तोंडाकडं बघायला लागली. एकेक करून पांगली. ज्यानं लाथ मारली होती तो तेवढा थांबला. दोन माळा उचलून घोंगडीवर ठेवल्या आणि म्हणाला, "गैरसमज झाला, चाचा. मनावर घिऊ नगा."

"बरं," वली म्हणाला.

पोरगा गेला. शेजारचा दुकानदार आपली ताडपत्री पुन्हा जवळ सरकवायला लागला. वली खाली बसला, माळा सारख्या करायला लागला, पण लाथेनं झालेला गुंता त्याला सुटेना. शेवटी त्यानं त्या सोडून दिल्या.

"बाई," तो म्हणाला, "मला मारून टाकलं असतं ना, तरी नंतर बिबिजानला हेच सांगितलं असतं त्यांनी. गैरसमज झाला."

मी त्याचा हात धरला. तेवढ्यात एक म्हातारा नुकताच घेतलेला गोऱ्हा घेऊन आला आणि दाव्याचा भाव विचारायला लागला. वलीनं डोळे पुसले आणि भाव सांगितला.